आधी हात आठवा, मग सेन्सर बदला

बेळगावात मे महिना आला की दोन गोष्टी हमखास घडतात. दिवसभर उकडून उकडून संध्याकाळच्या सुमारास वळीव कोसळतो, आणि कॉलेजला सुट्टी लागल्यामुळे माझ्यासारख्या मास्तर माणसाच्या अंगात नसते उद्योग शिरतात. एका वर्षी मी घरातले सगळे नळ खोलून ठेवले होते. त्याच्या आदल्या वर्षी शिवणयंत्र. आमच्या सौ. माहेरच्या धारवाडच्या. अशा माणसाला त्यांच्या माहेरी काय म्हणतात ते त्यांनी मला लग्नानंतर पंधरा वर्षांनी सांगितले. ते इथे छापण्यासारखे नाही.

गेल्या मे महिन्यात माझी नजर गाडीवर गेली. गाडी आमची अकरा वर्षांची, डिझेलची, सेकंडहँड घेतलेली. गुरुवारी भाचीचा साखरपुडा होता, तोही गोव्यात, साखळीला. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि बरोबर अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. तेव्हा घाटात शिरण्यापूर्वी गाडीचा एअर फिल्टर आपणच बदलावा असे मी रविवारी सकाळी ठरवले. मोबाईलवर बारा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला. त्या माणसाने ते काम बोलता बोलता, एका हाताने केले होते. मला दोन हात आहेत, आणि बोलण्याचा तर मी पगारच घेतो.

मदतीला शेजारच्या अक्कांचा मुलगा होता. पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कन्नड, शाळा कन्नड, पण लहानपण आमच्याच ओसरीवर गेल्यामुळे त्याचे मराठी अस्सल शहापुरी. त्याने टॉर्च धरली. मी फिल्टरच्या डब्याजवळचा एक वायरींचा प्लग काढला, क्लिपा उघडल्या, जुना फिल्टर बाहेर काढला. आत वाळकी पाने, धूळ, एक मेलेला भुंगा. सगळे पुसून नवा फिल्टर बसवला, झाकण दाबले, क्लिपा लावल्या, प्लग जागच्या जागी बसवला. चाळीस मिनिटांत काम फत्ते. सौ.ना बोलावून दाखवलेसुद्धा. कन्नडमध्ये म्हण आहेच की, ‘कै केसरादरे बायि मोसरु’. हात चिखलात घातले तर तोंडाला दही मिळते. मी त्या दिवशी जेवताना खरोखरच दोन वाट्या दही खाल्ले.

सोमवारी काँग्रेस रोडवर, पहिल्या रेल्वे गेटच्या अलीकडे, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या चित्राचा. आणि गाडीची ओढच गेली. ॲक्सिलरेटर दाबावा तर म्हातारा बैल चढाला उभा राहावा तशी गाडी नुसती हुंकार देते, पुढे सरकत नाही. मागचे हॉर्न वाजवू लागले. कशीबशी घरी आणली.

मंगळवारी एका मोठ्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या तरुणाने स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडले, पडद्यावर पाहिले आणि दोन मिनिटांत निकाल दिला. ‘एअर फ्लो सेन्सर गेला, सर. नऊ हजार, मजुरी वेगळी. पार्ट हुबळीहून मागवावा लागेल, शुक्रवार उजाडेल.’ मी काय काय केले ते त्याने विचारले नाही. आणि खरे सांगायचे तर, मीही सांगितले नाही. आपण घरी गाडी खोलली होती हे चारचौघांत सांगायला लाज वाटते हो!

पण ती लाज कुठेतरी निघायला हवी होती. संध्याकाळी कंपाऊंडवरून अक्का दिसल्या. मी हसत हसतच म्हणालो, ‘अक्का, तुमच्या पोरानं झाकण दाबताना आतलं काहीतरी मोडलं बघा. नऊ हजाराला बसलं.’ हसत म्हटले म्हणजे बोलणे हलके होते, हा आपला एक गैरसमज. मुलगा मागे दारातच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता आत गेला. त्या रात्री तो आमच्याकडे मॅच बघायला आला नाही. टीव्हीसमोरची त्याची खुर्ची रिकामीच होती.

सौ. ताटे वाढताना म्हणाल्या, ‘अहो, आमटी खारट झाली तर आपण मीठवाल्याशी भांडतो का? आपल्याच हाताला विचारतो, बाई, किती घातलंस म्हणून. शनिवारपर्यंत गाडी चांगली होती. रविवारी तुम्ही हात लावला. सोमवारी बिघडली. सेन्सरनं मरायला नेमका हाच मुहूर्त कसा काढला?’

या प्रश्नाला एम.ए.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हते. बुधवारी सकाळी मी उद्यमबागेतल्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. फौंड्र्यांच्या आणि लेथच्या खडखडाटात त्यांची पत्र्याची शेड आहे. तीसेक वर्षे त्यांनी गाड्यांच्या वायरिंगचेच काम केले आहे. त्यांनी बॉनेट उघडले नाही, यंत्रही जोडले नाही. बिडी विझवली आणि विचारले, ‘सर, नीव येन मुट्टिद्री?’ तुम्ही काय काय हाताळलेत?

वाचकहो, तीन दिवसांत हा प्रश्न मला विचारणारे ते पहिले मेकॅनिक. मी सगळे सांगितले. फिल्टर, क्लिपा, झाकण, आणि तो प्लग.

मग त्यांनी आपले छोटे यंत्र जोडले. पडद्यावर एक नव्हे, दोन कोड होते. पी ०१०२ आणि पी ०११३. पहिल्याचा अर्थ, हवेचे वजन मोजणाऱ्या सेन्सरकडून येणारा संकेत फार कमी आहे. दुसऱ्याचा अर्थ, आत येणाऱ्या हवेचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा संकेत फार जास्त आहे. मोठ्या गॅरेजमधल्या तरुणाने बहुधा पहिलीच ओळ वाचली होती. मेस्त्री म्हणाले, ‘दोन माणसं एकाच दिवशी, एकाच वेळी कशी मरतील सर? दोघं एका गाडीतनं जात असतील तरच.’ आणि तसेच होते. माझ्या गाडीत हे दोन्ही सेन्सर एकाच डबीत आहेत आणि दोघांच्या वायरी एकाच प्लगमधून येतात. तोच प्लग, जो मी काढला होता.

मग त्यांनी पडद्यावर चालू आकडे लावले. आत येणाऱ्या हवेचे तापमान, उणे ४० अंश. बाहेर शेडचा पत्रा तापून आम्ही दोघे घामाने निथळत होतो. मेस्त्री हसून म्हणाले, ‘चळी एष्ट ऐती नोडरी!’ थंडी बघा किती पडलीय बेळगावात!

हे उणे ४० काय प्रकरण आहे ते समजून घेण्यासारखे आहे, कारण ते समजले की निम्मी विद्या हाती येते. तापमानाचा सेन्सर म्हणजे एक साधा तुकडा. हवा गार असेल तर तो विजेला जास्त अडवतो, तापली की कमी अडवतो. गाडीचा संगणक त्या वायरीवर ५ व्होल्ट ठेवतो आणि त्यातले किती उरले यावरून तापमान ताडतो. आता वायर तुटली किंवा प्लग निसटला, तर वीज पुढे जातच नाही. संगणकाच्या हिशेबी अडवणूक अमर्याद, म्हणजे थंडीही अमर्याद. त्याच्या तक्त्यातली तळाची ओळ बहुतेक गाड्यांत उणे ४० ची असते, तीच तो दाखवतो. गंमत म्हणजे सेल्सिअस आणि फॅरनहाईट ही दोन्ही मापे याच एका आकड्यावर एकत्र येतात, त्यामुळे यंत्र कुठल्याही मापात असो, आकडा तोच. उलट हवेच्या वजनाचा संकेत सेन्सर स्वतः तयार करून पाठवतो. प्लग निसटला तर तिथे काहीच पोहोचत नाही, म्हणून ‘फार कमी’. एकाच निसटलेल्या प्लगमुळे एक कोड ‘कमी’चा आणि दुसरा ‘जास्त’चा. दिसायला परस्परविरोधी, पण कारण एकच.

मेस्त्रींनी इंजिन चालू ठेवून दोन बोटांनी तो प्लग हलकेच हलवला. पडद्यावर उणे ४० चे एकदम ४१ झाले, पुन्हा उणे ४०, पुन्हा ४१. त्यांनी इंजिन बंद केले, किल्ली काढली, प्लग पूर्ण बाहेर घेतला, आतल्या पितळी पट्ट्या वाकल्या नाहीत ना ते भिंगातून पाहिले आणि सरळ आत दाबला. टक्!

तो आवाज ऐकला आणि मला रविवार आठवला. टॉर्च धरलेल्या त्या मुलाने विचारले होते, ‘काका, टक् झालं का? आमच्या सरांनी सांगितलंय, टक् झाल्याशिवाय सोडायचं नाही.’ आणि मी, व्हिडिओ पुढे सरकवत, म्हणालो होतो, ‘झालं रे झालं.’

झाले नव्हते.

मेस्त्रींनी कोड पुसले, गाडी खानापूर रोडवर चार-पाच किलोमीटर पळवून आणली, पुन्हा यंत्र लावून बघितले. दोन्ही कोड परत आले नव्हते. पैसे विचारले तर म्हणाले, ‘चहा सांगा की.’ मी बळेच तीनशे रुपये त्यांच्या खिशात घातले.

चहा पिताना त्यांनी जे सांगितले, ते या सदराच्या वाचकांसाठी मी नीट लिहून घेतले आहे. आजकाल आपल्यापैकी पुष्कळजण सुट्टीच्या दिवशी घरीच फिल्टर बदलतात, प्लग साफ करतात, बॅटरी बदलतात. करावेच. पण त्यानंतर दिवा लागला, तर काय?

आधी दिवा म्हणजे काय ते. गाडीच्या धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत प्रथम आला, तो बॉश कंपनीने बनवला होता. धूर कमी करण्याच्या कायद्यांमुळे इंजिनावर संगणकाची नजर आली. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला एकाच नमुन्याचे सोळा टोकांचे सॉकेट आणि एकाच नमुन्याचे कोड सक्तीचे झाले. आपल्याकडे ही पद्धत बीएस-४ गाड्यांच्या काळात रुजली आणि १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत सेन्सरांची संख्या आणखी वाढली. ते सॉकेट बहुधा स्टिअरिंगच्या खालीच असते. आज त्यात लावायचे छोटे यंत्र स्वस्तात मिळते आणि मोबाईलवर कोड दिसतात. म्हणजे वाचता येणे सोपे झाले आहे. कठीण आहे ते अर्थ लावणे.

आणि इथेच सगळे फसतात. कोड सांगतो तो संगणकापर्यंत पोहोचलेला निरोप. कुठला भाग मेला, हे तो सांगत नाही. पूर्वी दारात तारवाला दिसला की घरात रडारड सुरू व्हायची. पण वाईट बातमी आणली म्हणून कोणी तारवाल्याला बदलून आणत नसे. सेन्सर हा तारवाला. ‘एअर फ्लो सेन्सरचा संकेत कमी’ याचा अर्थ सेन्सर बिघडला, असाही होऊ शकतो. वायर तुटली, प्लग निसटला, प्लगात पाणी गेले, असाही होऊ शकतो. आपण नुकताच प्लग काढला असेल, तर यातले सर्वांत संभवनीय कुठले, हे सांगायला ज्योतिषी नको.

पेट्रोल गाड्यांत हमखास दिसणारा पी ०१७१ हा कोड घ्या. अर्थ असा की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग, वजनाने, हे योग्य प्रमाण. धुराड्यातला सेन्सर सांगतो, हवा जास्त झाली. लोक तो सेन्सरच बदलतात. पुन्हा दिवा लागतो, कारण बिचारा खरेच बोलत होता! हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढचा रबरी पाइप घरी काढून परत लावताना त्याचा पट्टा सैल राहिला, तर न मोजलेली हवा चोरवाटेने आत शिरते. हा तर चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार. पट्टा आवळायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइलला हात लावल्यावर गाडी थरथरू लागली आणि पी ०३०२ आला, तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही असा निरोप आहे. अशा वेळी नवी कॉइल आणण्यापूर्वी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्याला लावा आणि तिसऱ्याची दुसऱ्याला. कोड पुसून गाडी चालवा. कोड बदलून पी ०३०३ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल खराब. तिथेच राहिला, तर कॉइल निर्दोष. प्लग, वायर, बसवण्यातली चूक असे पुढे शोधा. एक पैसा खर्च न करता साक्षीदाराची उलटतपासणी होते.

बॅटरी बदलल्यावर एकदम चार-पाच असंबद्ध कोड दिसले, तर चार-पाच सेन्सर गेले असे समजू नका. आधी बॅटरीची टोके आणि बॉडीला जोडलेली अर्थची वायर घट्ट आहे का ते बघा. शिवाय बॅटरी काढली की संगणक आपल्या शिकलेल्या काही सवयी विसरतो. एक-दोन दिवस इंजिन उभ्या जागी वर-खाली होते, मग बहुधा आपोआप सुधारते. इंजिनावर जोराच्या पाण्याचा फवारा मारून धुतले आणि संध्याकाळी दिवा लागला, तर पाणी प्लगात शिरलेले असू शकते. किल्ली बंद ठेवून प्लग काढा, कोरडा होऊ द्या, मग लावा. कूलंट बदलल्यावर तापमानाचा काटा वेडावाकडा फिरला, तर नळीत हवेचा बुडबुडा अडकल्याची शक्यता आधी धरा. आणि पावसाळ्यात आपल्याकडे गाडी दोन-तीन दिवस एका जागी उभी राहिली की बॉनेटखाली उंदीर मुक्कामाला येतात. अशा वेळी हात आपला नसतो, दात त्यांचे असतात. वायरी कुरतडल्या आहेत का, हे डोळ्यांनी दिसते. त्याला यंत्र लागत नाही.

मेस्त्रींची काही पथ्ये अशी. काहीही काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढा. एका वेळी एकच काम करा, म्हणजे बिघडले तर कशामुळे ते कळते. प्लग काढताना किल्ली बंद हवी, वायर ओढायची नाही, खटका दाबून प्लगच धरायचा. बसवताना आवाज आला, खरं खटका खरेच बसला का, हे किंचित मागे ओढून बघायचे. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या आत बारीक तापणारी पट्टी किंवा तार असते. तिला फडके, बोट, कॉम्प्रेसरची हवा काहीही लावायचे नाही. त्यासाठीच मिळणारा खास फवारा वापरायचा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडायचा. दिवा लागला की कोड आधी वहीत लिहायचा, मगच पुसायचा. कोड पडला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, तापमान किती, वेग किती, याची नोंद पुष्कळ गाड्या ठेवतात. कोड पुसला की ती नोंदही जाते. पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, तक्रारवहीचे पान फाडणे.

काही ठिकाणी मात्र घरी हात घालायचाच नाही. एअरबॅगचे पिवळे प्लग, हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांच्या नारिंगी केबल, आणि आजच्या डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरकडे जाणाऱ्या जाड नळ्या. त्या नळ्यांत हजार बारहून जास्त दाब असू शकतो, बारीक फवारासुद्धा कातडी भेदून आत जातो. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश मेस्त्रींकडे जाता येते. पेट्रोल गाडीत तो लुकलुकू लागला, तर इंजिन ठिणगी चुकवते आहे आणि धुराड्यातला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होऊ शकतो. गाडी सुरक्षित जागी थांबवावी. ऑईलचा तांबडा दिवा लागला, तर पुढच्या वळणापर्यंतही नको. तिथेच इंजिन बंद.

सेन्सर कधी खराब होतच नाहीत, असे मी म्हणत नाही. होतात. जुनी झालेली गाडी, धूळ, उष्णता, ऑईल यांनी त्यांचेही वय होते. पण वायरीत ५ व्होल्ट येतात का, अर्थ मिळते का, प्लग घट्ट आहे का, हे मीटरने तपासून मगच त्याला मृत घोषित करावे. नाहीतर दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

शेवटी मी मेस्त्रींना विचारले, की इतक्या वर्षांत सर्वांत अवघड बिघाड कुठला? मला वाटले, एखाद्या परदेशी गाडीचे नाव सांगतील. ते म्हणाले, ‘जो माणूस येऊन सांगतो, मी काहीच केलं नाही, आपोआप झालं, त्याच्या गाडीतला.’ त्यांच्या मते निम्मा वेळ बिघाड शोधण्यात जात नाही, गिऱ्हाईक काय लपवतो आहे ते शोधण्यात जातो. लपवतो ते दोन कारणांनी. लाज वाटते म्हणून, नाहीतर मेस्त्री जास्त पैसे लावील म्हणून. आणि या दोन्हींपायी नऊ हजार जातात. माझे जाता जाता राहिले.

पण नऊ हजार ही माझी खरी किंमत नव्हती, हे मला उद्यमबागेतून घरी येताना कळत होते. गाडीतल्या सेन्सरला निदान सोडा म्हणायला कोणी वकील तरी मिळाला. ज्या मुलाने मला वेळेवर, बरोबर प्रश्न विचारला होता, त्याच्यावर मी त्याच्याच आईसमोर आळ घेतला होता. जे मोठ्या गॅरेजने सेन्सरचे केले, ते मी त्याचे केले. जवळ उभा होता, म्हणून दोषी.

बुधवारी संध्याकाळी वळीव पडून गेल्यावर मी अक्कांच्या घरी गेलो. मनात वाक्ये जुळवली होती, मास्तराला शोभेल अशी, लांबलचक. दारात तोच उभा राहिला आणि सगळी वाक्ये पळाली. मी त्याच्या भाषेत एवढेच म्हणालो, ‘तप्पु नंदप्पा.’ चूक माझी होती. प्लग मीच बसवला होता आणि टक् झाले नव्हते.

आतून अक्का म्हणाल्या, ‘इरली बिडरी, सर.’ आपल्या भागात हे दोन शब्द किती भार उचलतात, ते दोन्ही भाषा बोलणाऱ्यांना सांगायला नको. पण मुलगा काही बोलला नाही. थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने उंबऱ्यावरची ओल पुसत राहिला. मग एकदम विचारले, ‘काका, उणे चाळीस दाखवत होतं काय?’

मी चकित झालो. ‘तुला कसं कळलं?’

‘आम्हाला प्रॅक्टिकलला दाखवलंय. प्लग काढला की उणे चाळीस. मी सोमवारीच सांगणार होतो, खरं तुम्ही गॅरेजला गेलात. आणि मग…’ पुढचे त्याने गिळले. ते मी तेव्हाही समजलो आणि आता लिहितानाही समजतो.

गुरुवारी पहाटे निघालो. जांबोटीच्या जंगलात धुके होते. कणकुंबी ओलांडून घाट उतरताना माझा एक डोळा रस्त्यावर आणि एक डॅशबोर्डवर. दिवा लागला नाही. आई मागच्या सीटवर शेवटपर्यंत झोपलेली होती. साखरपुडा छान झाला. परत येताना तिकडचे फणस आणले, त्यातला मोठा अक्कांच्या घरी गेला.

पुढच्या रविवारी तो मुलगा परत मॅच बघायला आला. येताना एक दोनशे पानी वही घेऊन आला. वर कन्नड आणि मराठी दोन्ही लिपींत आमच्या गाडीचा नंबर. आत रकाने आखलेले. तारीख, किलोमीटर, काय काढले, काय बसवले, कोणी बसवले. शेवटच्या रकान्याचे नाव ‘टक्’. त्याच्यापुढे हो किंवा नाही लिहायचे.

‘कोणी बसवले’ या रकान्यात पहिल्या ओळीवर त्याने जागा मोकळी सोडली होती. मी खिशातले पेन काढले आणि माझे नाव लिहिले. शेवटच्या रकान्यात लिहिले, नाही.